घुमटाखाली एक दिवस

फुफीजानच्या लोखंडी पेटीत एक गाठोडं आहे. हिरव्या कापडात बांधलेलं. आत कुराण शरीफची हाताने लिहिलेली सुटी पानं, दोन-तीन फाटके सिपारे आणि काही पिवळे पडलेले कागद. कोकणातलं जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं तेव्हा ती पेटी मुंब्र्याला आली. पानं इतकी जीर्ण की गाठोडं सोडलं की कडांचा भुगा मांडीवर पडतो. बेअदबी नको म्हणून पावसाळा सरला की ते खाडीत ठंडं करायचं, असं घरात ठरलं होतं.

त्याच सुमारास मुलांना दिवाळीची सुट्टी लागली आणि मुंबईचं म्युझियम पाहायला जायचं निघालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल, असं तेव्हा आमच्या डोक्यातही नव्हतं.

आम्ही म्हणजे एकाच इमारतीतल्या चार घरच्या बायका आणि नऊ मुलं. सगळ्यात मोठी मुलगी नववीत, धाकटा पहिलीत. मुलांच्या शाळेच्या सहली आजवर दोनदा वॉटरपार्कला आणि एकदा मॉलला गेल्या होत्या. म्युझियम म्हटल्यावर एकाने विचारलं, "तिथं राइड्स असतात का?" आम्ही हसलो खऱ्या, पण आमच्यातल्या तिघींनी तरी ते कुठं पाहिलं होतं! चर्चगेटला जाताना बसच्या खिडकीतून दिसणारा घुमट, एवढीच ओळख. एकीच्या सासूबाईंनी हरकत घेतली, "तिथं सगळे पुतळेच. मुलांना कशाला नेता?" त्यावर फुफीजानच म्हणाल्या, "बघायला चाललीत ना? मग बघून या. न बघता माणसाला काय कळतं?" फुफीजान कुराण शिकवतात. त्यांचा शब्द इमारतीत कुणी मोडत नाही.

जुमा टाळून गुरुवारी निघालो. मुंब्र्याहून गाडीने सीएसएमटी, तिथून पायी हुतात्मा चौक आणि पुढं काळा घोडा. डबे घरूनच नेले होते. मुलं चालायला कुरकुरतात असं आपण म्हणतो, पण त्या रस्त्याला बघण्यासारखं इतकं आहे की नऊपैकी एकानेही रिक्षा मागितली नाही. (मागितली असती तरी मिळाली नसती. त्या भागात रिक्षा नाहीत, हेही मुलांना नवलच वाटलं.)

म्युझियमचं आजचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९९८पर्यंत ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होतं आणि बुजुर्ग मंडळी अजून तेच म्हणतात. ११ नोव्हेंबर १९०५ला, पुढं पंचम जॉर्ज झालेल्या तेव्हाच्या युवराजाने त्याची कोनशिला बसवली. १९०९मध्ये नकाशांची स्पर्धा घेऊन जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाची निवड झाली. गेटवे ऑफ इंडिया बांधणारा तोच. इमारत १९१४ला तयार झाली, पण महायुद्ध सुरू झालं आणि नव्याकोऱ्या दालनांत वस्तूंऐवजी जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. लोकांसाठी दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ला.

विटेटने घुमट घेतला तो विजापूरच्या गोल घुमटावरून. म्हणजे मोहम्मद आदिलशहाच्या मकबऱ्यावरून. बाहेर हिरवळीवर उभं राहून हे आम्ही मुलांना सांगितलं तेव्हा नववीतली म्हणाली, "गोल घुमट पुस्तकात आहे आमच्या. पण तो इथं आहे हे नाही लिहिलं." आत गेल्यावर वर पाहिलं की सज्जे आणि कमानींच्या मधे जुनं लाकडी नक्षीकाम दिसतं. ते विटेटने नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणून बसवलंय. बाहेरचा दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा. हे ऐकून पहिलीतला ओरडला, "कुर्ल्यावरूनच तर आलो आपण आत्ता!" साहेबाने बांधलेली इमारत, घुमट विजापूरचा, लाकूड नाशिकच्या वाड्यातलं, दगड लोकलच्या वाटेवरचा. मुलांची ओळख तिथंच झाली म्हणा.

आमचा बेत पुतळ्यांच्या दालनापासून सुरू करायचा होता, पण मुलांनी तो धुडकावला. कुणीतरी सांगितलं होतं की इथं वाघ आहे. सगळी वरात प्राण्या-पक्ष्यांच्या विभागाकडे. काचेआड पेंढा भरलेले प्राणी, पक्षी, त्यांची घरटी, मागं रंगवलेलं जंगल. तास कसा गेला कळलं नाही.

या विभागाची एक गोष्ट आपल्या घरांतून सांगितली जायला हवी. हा विभाग नवा होता तेव्हा, १९२६मध्ये, इथं आलेल्या लोकांना आणि शाळकरी मुलांना माहिती सांगायला गाईड-लेक्चरर म्हणून एक तिशीतला तरुण नेमला गेला. महिना साडेतीनशे रुपये पगार. त्याचं नाव सालिम अली. खेतवाडीत, सुलेमानी बोहरा कुटुंबात वाढलेला, लहानपणीच आई-बाप गेलेला, मामाने सांभाळलेला. मामाच्या घरी असताना एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, हा कोणता पक्षी म्हणून विचारायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि आयुष्यभर पक्ष्यांचाच झाला. म्युझियमच्या नोकरीतून रजा काढून तो जर्मनीला शिकायला गेला. १९३०मध्ये परत येऊन बघतो तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली! बेकार झालेले सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला सासरच्या घरात राहायला गेले, तिथं समोरच्या झाडावर सुगरण पक्षी घरटी विणत होते, आणि त्या निरीक्षणांनी त्यांचं नाव जगात पोचलं. आपल्या रायगडमधलंच हे गाव. तिथून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

शिकलेल्या माणसाने वस्तूशेजारी उभं राहून लहान मुलांना समजावून सांगणं, हे काम या इमारतीत सालिम अलींनी केलंय. पैसे कमी पडले की आधी तेच काम बंद होतं, हेही जुनंच.

आम्हाला गाईड मिळाला नव्हता. चार बायका पाट्या वाचत होतो आणि जमेल तसं सांगत होतो. पाट्या मराठीतही आहेत, हे बरं. पण एक कबूल करतो : पहिल्या दालनात आम्ही प्रत्येक पाटी वाचायचा हट्ट धरला आणि मुलं कंटाळून फरशीवर बसली. मग नववीतलीनेच युक्ती काढली. प्रत्येकाने एका दालनात एकच वस्तू निवडायची आणि बाकीच्यांना तिच्यापाशी न्यायचं. त्यानंतर दिवस सरळ झाला.

मुलग्यांची निवड अर्थातच हत्यारं. अकबर बादशहाची ढाल इथं आहे. तिच्यासमोर दोघंजण इतका वेळ उभे होते की चौकीदारानेच विचारलं, कुठून आलात. मुलींपैकी दोघी कापडांपाशी रेंगाळल्या, एकीला जेडच्या छोट्या वाट्या आवडल्या. जमशेटजी टाटांच्या दोन्ही मुलांनी, सर रतन आणि सर दोराब टाटांनी, जमवलेल्या कलावस्तू या म्युझियमला मिळाल्या आहेत. मुलगी म्हणाली, "टाटा म्हणजे मिठाचे?" हो, तेच.

आमचं, म्हणजे बायकांचं, मन अडकलं ते चित्रांच्या दालनात. दालन अंधारं वाटतं. दिवे मंद. आम्हाला वाटलं बल्ब गेलेत. खरं कारण वेगळं आहे. कागदावरचे रंग उजेडाने उडतात आणि उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून अशा चित्रांवर साधारण ५० लक्स एवढाच उजेड पडू देण्याची पद्धत आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली याच्या कितीतरी पट उजेड असतो. त्याच कारणाने कागदी चित्रं कायम मांडून ठेवत नाहीत, आलटून-पालटून काढतात. एखादं ठरावीक पान पाहायला म्हणून गेलात आणि ते विश्रांतीला आत गेलेलं असलं, तर हिरमुसू नका.

या संग्रहात अकबराच्या चित्रशाळेतली 'अन्वार-ए-सुहैली'ची पोथी आहे, साधारण १५७५ची. पूर्ण राहिलेली नाही, पानं खराब झालेली आहेत. पण तिच्यात ज्या गोष्टी आहेत त्या आपल्या मुलांना पाठ असतात : सिंह, बैल आणि दोन कोल्हे, माकड आणि मगर. आपण त्यांना पंचतंत्र म्हणतो. सहाव्या शतकात इराणच्या बादशहा नौशेरवानच्या काळात हकीम बुर्झोयने त्या पहलवीत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्यांचा अरबी 'कलीला व दिमना' केला. मूळ संस्कृतातल्या करटक आणि दमनक या कोल्ह्यांचीच ती नावं. पुढं पंधराव्या शतकाच्या शेवटी हेरातच्या हुसेन वाइझ काशिफीने त्याला नटव्या फारसीत बसवलं. ती फारसी फार अवघड म्हणून अकबराने अबुल फज्लला सोपी करायला लावली. इथून निघालेल्या गोष्टी हजार वर्षं हिंडून, भाषा बदलत, आग्रा-फतेहपूरच्या चित्रकारांच्या हातात परत आल्या आणि आता काळ्या घोड्याला आहेत. मदरशात मौलवीसाहेबांकडून जुन्या काळी 'अन्वार-ए-सुहैली' शिकलेले आजोबा कोकणातल्या कितीक घरांत होते. त्यांना हे कोल्हे मराठी शाळेतल्या पुस्तकातही भेटले असतील.

मग ते घडलं, ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो. सहावीतली मुलगी एका काचेशी नाक लावून उभी होती. आत जुन्या हस्तलिखिताचं पान, अक्षरं अरबी-फारसी वळणाची. तिचे दोन खतम झालेले आहेत, नजर तरबेज. ती अक्षर-अक्षर लावून पुटपुटत होती आणि मध्येच थांबली. "खाला, वाचता येतंय, पण कळत नाही. ही उर्दू नाही, अरबीपण नाही." आम्हाला तरी कुठं कळत होतं!

नंतर समजून घेतलं की असं या संग्रहात नवलाचं नाही. इथं 'चंदायन'ची सोळाव्या शतकातली चित्रमय पोथी आहे. लोरिक आणि चंदा यांची कहाणी. ती लिहिली मौलाना दाऊद यांनी १३७९मध्ये, गंगाकाठच्या डलमऊला. लिपी फारसी आणि भाषा अवधी, म्हणजे तिथल्या घरादारांतली, शेतातली बोली. एका मौलानाने गावकऱ्यांच्या जिभेवरची गोष्ट घेतली, गावाच्याच भाषेत रचली आणि फारसी अक्षरांत उतरवली गेली. मराठीत बोलणारे, मराठीत हा अंक वाचणारे आपण. 'मुसलमान असून इतकं छान मराठी?' हा प्रश्न आपल्याला ट्रेनमध्ये हटकून विचारला जातो. अशांनी ती पोथी एकदा बघायला हवी.

दुपारी बाहेर सावलीत डबे उघडले. याच आवारात २०१९पासून मुलांचं वेगळं म्युझियम आहे, गोरखचिंचेच्या अवाढव्य झाडाजवळ. आफ्रिकेतून आलेलं ते झाड स्वतःच एक वस्तू आहे. तीन पोरांनी हात पसरले तरी बुंधा कवेत येईना. मुलांच्या म्युझियमची खासियत अशी की तिथं काय मांडायचं हे ठरवण्यात मुलांनाच सामील करून घेतलं जातं. ठेवणीतल्या वस्तूंतून मुलं निवडतात, तीच त्यांची ओळख लिहितात. आमच्या नववीतलीने हे ऐकलं आणि तोंड फुगवलं, "मग आमच्या शाळेला का नाही बोलावत?" बोलावतील की! शाळेने विचारायला तर हवं. शिक्षक-भगिनींनो, हे तुमच्यासाठी आहे.

जे मुंबईला येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी म्युझियमची बस आहे. २०१५पासून हे फिरतं म्युझियम महाराष्ट्रातल्या शाळांत आणि गावांत जातं. बसमध्येच वस्तू मांडलेल्या, हाताळायच्या गोष्टी, सांगायला माणसं. आपल्या संस्थांच्या उर्दू आणि मराठी शाळांनी एक पत्र लिहून विनंती करायला काय हरकत आहे? खर्च पत्राचा.

आता प्रदर्शनांविषयी. कायमची दालनं वेगळी आणि ठरावीक महिन्यांपुरती भरणारी प्रदर्शनं वेगळी, हे आमच्याही उशिरा लक्षात आलं. दुसऱ्या प्रकारची चुकली की चुकली. २०१७च्या नोव्हेंबरापासून फेब्रुवारी २०१८पर्यंत इथं 'इंडिया अँड द वर्ल्ड' नावाचं प्रदर्शन होतं, नऊ गोष्टींतून सांगितलेला इतिहास. ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं नॅशनल म्युझियम यांच्या सोबतीने भरवलेलं. भारतातली वस्तू आणि त्याच काळातली दुसऱ्या मुलुखातली वस्तू शेजारी-शेजारी. त्यात रेम्ब्राँ या डच चित्रकाराने काढलेलं जहांगीर बादशहाचं रेखाटन आलं होतं. रेम्ब्राँ हिंदुस्थानात कधी आला नाही. व्यापाऱ्यांबरोबर हॉलंडला पोचलेली मुघल चित्रं बघून त्याने ती हाताने उतरवली, अशी वीसहून अधिक. आपल्या पोरांना शाळेत शिकवतात की चित्रकला तिकडून इकडं आली!

आमच्यातली एकजण तेव्हा कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर गेली होती. ती सांगते, मधल्या घुमटाखाली थाळी फेकणाऱ्या खेळाडूचा संगमरवरी पुतळा होता, अंगावर कपडा नाही. एक खालाजान आपल्या नातवंडांना घेऊन आत आल्या, वर पाहिलं आणि सगळ्यांना घेऊन जी वळल्या ती थेट पुढच्या दालनात. अशा वेळी काय करायचं ते ज्याने-त्याने ठरवावं. पण त्यांनी प्रदर्शन सोडलं नाही, सगळं बघूनच घरी गेल्या, हे आम्हाला आवडलं.

२०२३ डिसेंबरात प्राचीन शिल्पांचं प्रदर्शन सुरू झालं आणि पुढचे कित्येक महिने चाललं. भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस, रोम. लंडन, बर्लिन आणि अमेरिकेतल्या गेटी म्युझियमच्या साह्याने. ते बघून आलेल्या ओळखीच्या एका कुटुंबातल्या मुलाने इजिप्तच्या शिल्पापाशी विचारलं होतं, "हाच का तो फिरऔन?" फिरऔन हे एका माणसाचं नाव नसून इजिप्तच्या राजांचा किताब होता, हे त्या दिवशी त्याच्या अब्बांनाही पहिल्यांदा नीट कळलं. हजरत मूसांची गोष्ट मुलांनी शंभरदा ऐकलेली असते. तो देश, ते दगड, ती माणसं खरी होती, हे डोळ्यांनी बघणं निराळं.

पुढच्या प्रदर्शनांच्या तारखा आम्ही इथं मुद्दाम छापत नाही. अंक तुमच्या हाती पोचेपर्यंत त्या शिळ्या होतात, आणि मग तिकीट काढून निराश झालेल्या वाचकांची पत्रं येतात. निघण्यापूर्वी म्युझियमला फोन करून तीन गोष्टी विचारा : सध्या खास प्रदर्शन कोणतं, मुलांसाठी कार्यशाळा आहे का, आणि शाळेच्या किंवा मोठ्या गटासाठी माहिती सांगणारं माणूस मिळेल का. सकाळी सव्वादहाला दारं उघडतात. तेव्हा गेलात तर गर्दी कमी. शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तिला तिकीट नाही. (आमच्या एकीला ती बादशहाच्या नावाची वाटत होती. ती सर कावसजी जहांगीर या पारशी घराण्याची, १९५२ची.) समोर नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. आणि फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव भरतो तेव्हा सगळा रस्ताच प्रदर्शन होतो, पण लहान मुलं घेऊन त्या गर्दीत जाणं आम्हाला तरी झेपणारं नाही.

परतीच्या गाडीत मुलं पेंगली. सहावीतली मात्र जागी होती. मुंब्रा यायच्या आधी तिने विचारलं, "खाला, फुफीजानच्या गाठोड्यातली पानं कुणी वाचलीयत का?"

कुणीच वाचली नव्हती. जीर्ण, मोठ्यांची, पाक, म्हणून बांधून ठेवलेली. फुफीजाननी एका सकाळी वजू करून ते सोडलं. आम्ही चौघी भोवती. कुराणाची पानं सुंदर अक्षरातली, आयतीच्या शेवटी लाल शाईचं वर्तुळ. फुफीजान एकेक पान ओळखून लावत होत्या : हे सूरह युसूफचं, हे मरियमचं. आणि मधूनच चार कागद निघाले, ज्यांच्यावरचं काहीच त्यांना लागेना. सगळी अक्षरं एका रेघेला लोंबलेली, हात न उचलता लिहिलेली. आजवर ते कुराणाबरोबर बांधले गेले होते, कारण कुणाला वाचता येत नव्हतं आणि न कळणारं सगळं पाक धरून चालायची घरची रीत.

ती मोडी होती. म्हणजे भाषा मराठी. म्युझियमच्या काचेआड अक्षरं ओळखीची आणि भाषा परकी होती; इथं उलटं.

ठंडं करण्याविषयी आम्ही काही सांगणार नाही, तो ज्याच्या-त्याच्या अकीद्याचा आणि घरच्या बुजुर्गांचा प्रश्न. एवढंच की त्याआधी गाठोडं एकदा सोडून, वाचू शकणाऱ्याला दाखवून घ्या. आणि ठेवायचं ठरलं तर काही साध्या गोष्टी आहेत. लॅमिनेशन करू नका. आमच्या नात्यात एकाने आजोबांचा निकाहनामा हौसेने लॅमिनेट केला. आता तो प्लॅस्टिकमध्येच तपकिरी होत चाललाय आणि सोडवताही येत नाही. फाटलं तर सेलोटेप लावू नका, तिचा डिंक कागदात उतरतो आणि डाग कायमचा राहतो. टाचणी-स्टेपल काढून टाका, गंज धरतात. घडी मोडून सपाट ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत आपल्या दमट हवेत बुरशी येते, त्यापेक्षा खळ काढलेलं, धुऊन वाळवलेलं पांढरं सुती कापड बरं. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर त्यात नको. पावसाळ्यात उघडू नका. थंडीत सावलीत हवा द्या, उन्हात कधीच नाही. हात धुऊन, कोरडे करून मगच लावा. कागद फारच नाजूक असेल तर घरी काहीच न करणं उत्तम. या म्युझियममध्ये कलावस्तू दुरुस्त करणारं केंद्र आहे. अशा जाणत्यांना फोटो दाखवून सल्ला विचारता येतो. मोडीसाठी म्हणाल तर राज्याचं पुराभिलेखागार म्युझियमपासून हाकेच्या अंतरावर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मोडी दप्तरांचे ढीग त्यांच्याकडे आहेत.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. फुफीजानच्या शेजारणीचे सासरे जुने तलाठी. चष्मा लावून त्यांनी पहिला कागद उलटा-सुलटा केला, दहा मिनिटं पुटपुटले. आम्हाला वाटलं काही सनद-बिनद निघते की काय. निघालं ते असं : घरामागच्या फणसाच्या झाडाच्या फळांत थोरल्या भावाचे दोन वाटे आणि धाकट्याचा एक, वर बहिणीला दर साली चार फणस. खाली साक्षीदार, गावचा कुळकर्णी आणि मशिदीचे खतीब.

फुफीजान किती वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो फणस अजून आहे. आणि चार फणस आम्हाला कधी कुणी दिले नाहीत."

उरलेले तीन कागद पांढऱ्या सुती कापडात, कपाटाच्या वरच्या फळीवर सपाट ठेवलेत. तलाठीकाका रविवारी येतो म्हणालेत.